चार वर्षे, चार महिने, चार दिवस

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बिस्मिल्लाखानीचा रिवाज अजून आहे. मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की त्याला आंघोळ घालून नवे कपडे चढवतात. घरातले बुजुर्ग किंवा मोहल्ल्यातले हाफिजसाहेब त्याला जवळ घेऊन बसतात आणि त्यांच्या पाठोपाठ मूल 'बिस्मिल्लाह' म्हणते. कधी तेवढेही म्हणत नाही, लाजून अम्मीच्या ओढणीत तोंड लपवते. शिरनी वाटली जाते, आणि थोड्या वेळात साहेबजादे टोपी फेकून अंगणात पळालेले असतात. हा रिवाज आहे, फर्ज नाही. कोणी करतात, कोणी करत नाहीत, आणि त्याच्या मसल्यावर बोलणे हे आमचे काम नव्हे. पण लहान मुलांबरोबर रोज चार तास काढणाऱ्या बायका म्हणून त्यातली एक गोष्ट आमच्या नेहमी ध्यानात येते. जुन्या लोकांनी मुलाची तालीम ऐकण्या-बोलण्यापासून सुरू केली, तीही घरच्या माणसांच्या घोळक्यात आणि सव्वाचार वर्षांनंतर.

आता आमच्या गावात अडीच वर्षांच्या मुलाला टाय लावून व्हॅनमध्ये बसवतात. दप्तर त्याच्या पाठीपेक्षा मोठे असते. संध्याकाळी त्याची अम्मी त्याचा हात धरून ए, बी, सी गिरवून घेते आणि मूल डुलक्या खात असते.

आम्ही म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू शाळेला जोडलेला बालवर्ग सांभाळणाऱ्या तिघी. दोघी पूर्ण वेळ वर्गात असतात. तिसरी वरच्या वर्गांना उर्दू आणि मराठी शिकवते, बी.एड. झालेली आहे, आणि दोन्ही भाषांत हात चालतो म्हणून लिहिण्याचे काम तिच्या गळ्यात पडले आहे. बालवर्गाला अनुदान नाही. संस्थेने एक खोली आणि मागचे अंगण दिले आहे, बाकी खर्च फीमधून निघतो, आणि फी वेळेवर येत नाही हे वाचकांना सांगायला नकोच.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांचा भाषेचा हिशेब मोठा अजब असतो. घरी दखनी. गल्लीतल्या अंगणवाडीत मराठी. संध्याकाळी मकतबात अरबीचा कायदा. सहाव्या वर्षी पहिलीत गेले की पुस्तकी उर्दू, आणि टीव्ही-मोबाईलवर जे चालते ते वेगळेच. दाखल्याच्या अर्जावर 'मातृभाषा' या रकान्यात सगळे पालक 'उर्दू' लिहितात. बरोबरच आहे, दुसरे काय लिहिणार? पण 'मुझे पानी चाहिए' असे बोलणारी अम्मी आमच्या गावात शोधून सापडायची नाही. आमच्या अम्मी म्हणतात, 'मेरेकू पानी होना.' मूल हेच ऐकत मोठे होते, आणि शाळेच्या पहिल्या दिवशी हेच घेऊन येते. त्याच्या दप्तरात त्या दिवशी दुसरे काहीच नसते.

या बोलीची आपल्याच लोकांना फार लाज वाटते. 'गावंढळ', 'बिगडी हुई उर्दू' असे शब्द आम्ही पालकसभेत ऐकले आहेत, आणि ते उच्चारणाऱ्यांनी पुढचे वाक्य दखनीतच बोललेले ऐकले आहे. नळदुर्गचा किल्ला आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पडू लागले की ट्रॅक्टर भरभरून लोक जातात. तिथला पाणीमहाल विजापूरच्या इब्राहीम आदिलशाह दुसरा यांच्या काळातला. त्याच इब्राहीम आदिलशाहांनी 'किताब-ए-नवरस' हा गीतांचा ग्रंथ लिहिला तो दखनीत. तिकडे गोवळकोंड्याला मुल्ला वजही यांनी १६३५ मध्ये 'सबरस' लिहिले, तेही दखनीत. ज्या बोलीत बादशाहांनी गाणी रचली ती आमच्या बालवर्गात 'गावंढळ' कशी ठरते, हे कोडे आम्हाला काही सुटलेले नाही.

शिवाय ती मराठीची सख्खी शेजारीण आहे. 'नक्को' हा शब्द मराठी 'नको'चाच. 'मैंच करी', 'उनोंच बोले' यातला 'च' थेट मराठीतून आलेला. आणि देणे एका बाजूनेच झालेले नाही. दप्तर, खुर्ची, शाई, कागद, हे शब्द फारसीतून मराठीत येऊन बसले. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, १९२५ मध्ये अशा शब्दांचा आख्खा कोश केला, 'फार्शी-मराठी कोश'. शाळेतल्या वस्तू दाखवून आम्ही मुलांना नावे विचारतो तेव्हा खुर्चीला कोण 'कुर्सी' म्हणते, कोण 'खुर्ची', आणि दोन्हींना आम्ही 'हौ, बरोबर' म्हणतो. पहिलीत गेल्यावर 'कुर्सी' लिहायला शिकायचीच आहे, ती काही पळून जात नाही.

हे सगळे आम्हाला इतक्या ठासून सांगावेसे वाटते त्याचे कारण एक मुलगी आहे. तिचे नाव लिहीत नाही. आपसात आम्ही तिला मैना म्हणायचो, आणि ते तेव्हा जरा विचित्रच होते, कारण ती एक शब्द बोलत नव्हती.

जूनमध्ये आली तेव्हा साडेचार वर्षांची होती. वडील टमटम चालवतात, अम्मी घरी शिलाई करते. त्याआधी सहा-सात महिने ती दुसऱ्या एका नर्सरीत होती. तिथे इंग्रजीखेरीज बोलायचे नाही असा नियम होता. मुलीने तिथे पहिल्या आठवड्यात काय विचारले आणि तिला काय उत्तर मिळाले ते कोणालाच ठाऊक नाही, पण तिने बोलणे बंद केले. लघवीलाही सांगेना. रोज कपडे ओले करून घरी यायची. मग 'बच्ची का दिमाग कमजोर है, डॉक्टर को बताओ' असा निरोप आला आणि वडिलांनी तिला काढून घेतले. फी परत मिळाली नाही, हे दुःख त्यांना बरेच दिवस पुरले.

आमच्याकडे जून गेला, जुलै गेला. मैना यायची, आपली जागा धरून बसायची, सगळे पाहायची. हाक मारली की मान वळवायची, म्हणजे ऐकू येत होते. मणी ओवायला दिले तर दोन रंग सोडून तिसरा, अशी माळ करायची, म्हणजे डोके चालत होते आणि चांगलेच चालत होते. फक्त आवाज नव्हता. घरात तोवर बरेच काही होऊन गेले होते. कोणी जिभेखालचा पडदा कापून घ्या म्हणाले, कोणी पाणी दम करून दिले. आजीने तर सांगून टाकले होते की मुलगी मुकी निघाली, आता तिच्या लग्नाचे काय. साडेचार वर्षांच्या मुलीच्या लग्नाचे!

आम्ही अम्मीला बोलावून एकच विचारले, घरी बोलते का? ती हसायला लागली. 'घर में? घर में तो मेरा भेजा खाती, बाजी. चुपच नै बैठती.' मग डोळ्यांत पाणी आले. तिला वाटत होते की मुलगी मुद्दाम करते, आणि वडिलांना वाटत होते की अम्मी मुलीचे दोष झाकते. आमचे मत आम्ही तिथेच सांगितले की मुलीत काही कमी नाही. कान आणि जीभ तपासून घ्या, ते डॉक्टरांचे काम, पण 'मंद' हा शब्द घरात कोणी उच्चारायचा नाही. डॉक्टरांनी कान-जीभ ठीक असल्याचे सांगितले. बोलायला लावायचे नाही, 'बोल बेटा, बोल' म्हणून मागे लागायचे नाही, पाहुण्यांपुढे उभे करायचे नाही, हे आम्ही वर्गातही पाळत होतो. लघवीसाठी एक लाल झाकण खिळ्याला टांगून ठेवले. ज्याला जायचे त्याने ते उचलायचे. सगळीच मुले ते वापरू लागली, त्यामुळे एकटी मैना उठून दिसली नाही. कपडे ओले होणे दोन आठवड्यांत थांबले.

शाळेच्या भिंतीला लागून एका कुटुंबाचा बकऱ्यांचा गोठा आहे. आमच्या जिल्ह्याची बकरी साऱ्या देशात ओळखली जाते. बहुतेक काळीभोर, लांब कानांची, जुळी पिल्ले देण्यात पुढे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलून धाराशिव झाले. बकरी मात्र अजून उस्मानाबादीच आहे, तिचा दाखला कोणी दुरुस्त केलेला नाही. तर सप्टेंबरच्या अखेरीस त्या गोठ्यात एक बकरी व्याली. दोन पिल्ले झाली. चार-पाच दिवसांनी आम्ही त्यातले एक उचलून वर्गात आणले. ठरवून आणले, कारण आठवडाभर आम्ही 'जानवर'चा धडा चित्रावरून बोलत होतो आणि चित्रात हत्ती, सिंह आणि जिराफ होते. आमच्या मुलांनी जिराफ कधी पाहणार?

वर्गात एकच गिल्ला झाला. पिल्लू हातोहात फिरू लागले. कोणी कान धरला, कोणी शेपटी. भिंतीपलीकडून त्याची आई ओरडत होती, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. आणि त्या गोंधळात एक आवाज आला, अगदी स्पष्ट, जरासा रागावलेला.

'उसकू नीचे रखो. उसकी अम्मा रो री.'

वर्ग गप्प झाला. मुलांनी आधी मैनेकडे पाहिले, मग आमच्याकडे. आमच्यापैकी कोणीही टाळी वाजवली नाही, 'अरे वा, बोलली' असे म्हटले नाही. पिल्लू खाली ठेवले. विचारले, 'मग काय करायचे?' ती म्हणाली, 'उसके घर कू छोडके आना.' सगळा वर्ग रांगेने पिल्लाला पोहोचवायला गेला. गोठ्यात बकरीने पिल्लाला हुंगले, चाटले, पिल्लू ढुशा देत दूध प्यायला लागले. मैना तिथे उकिडवी बसून अर्धा तास बोलत होती, आमच्याशी नव्हे, बकरीशी.

त्यानंतर पंधरा दिवस आमच्या वर्गात दुसरा विषय नव्हता. बकरी काय खाते, यावर मुलांची यादी आमच्यापेक्षा लांब होती: बाभळीच्या शेंगा, कडबा, तुरीचा पाला, सुकायला घातलेले कपडे, आणि एकाच्या मते त्याच्या आपाची हिंदीची वही. एका पिल्लाला चार पाय, दोघांना किती? लेंड्या मोजून वीसपर्यंतचे आकडे झाले. आम्ही आधी नाक मुरडले, पण मुले हाताने नव्हे, काडीने ढकलून मोजत होती, आणि एकही आकडा चुकत नव्हता. कोळशाने फरशीवर बकऱ्या काढल्या गेल्या. मराठीत पिल्लाला 'करडू' म्हणतात हे अंगणवाडीतून आलेल्या मुलांनी बाकीच्यांना शिकवले. उर्दू पुस्तकातला 'मेमना' आम्ही सांगितला. तीन शब्द, एक पिल्लू, कोणाचाही गोंधळ झाला नाही. मोठ्या माणसांना वाटते की मुलांच्या डोक्यात भाषांची सरमिसळ होईल. सरमिसळ होते, खरे आहे, पण सगळे बोलायला मिळाले तर मूल आपोआप निवडायला शिकते. बोलायलाच मिळाले नाही तर निवडणार काय?

त्याच दिवसांत आम्ही त्यांना डॉ. झाकीर हुसैन यांची 'अब्बू खाँ की बकरी' सांगितली, पुस्तकातून वाचून नव्हे, दखनीत. झाकीरसाहेब पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले हे सगळ्यांना माहीत असते. ते मुळात शिक्षक होते आणि मुलांसाठी लिहीत असत, हे कमी लोकांना माहीत असते. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, हाताने काम करत शिकण्याची योजना आखायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष तेच होते. जामियात त्यांच्याबरोबर गेर्डा फिलिप्सबॉर्न नावाच्या एक जर्मन ज्यू बाई होत्या. हिटलरचा अंमल सुरू झाला त्या सुमारास त्या हिंदुस्थानात आल्या आणि जामियातल्या लहान मुलांच्या होऊन गेल्या. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. १९४३ मध्ये त्या वारल्या, जामियाच्या कबरस्तानातच त्यांना दफन केले, आणि तिथल्या पाळणाघराला आज त्यांचे नाव आहे.

गोष्टीतली बकरी, चांदनी, दावे सोडून डोंगरावर जाते आणि रात्रभर लांडग्याशी लढून पहाटे मरते. एका पालकांनी विचारले, एवढ्याशा मुलांना असली रडवणारी गोष्ट कशाला? मुले रडली नाहीत. एकाने विचारले, 'फिर अब्बू खाँ अकेले रह गए क्या?' आणि दुसऱ्याने सांगितले, 'नै, उनो दूसरी बकरी लाए, उस्मानाबादी.' हजरत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याची पाळलेली चिमणी मेली तेव्हा पैगंबर (स.) यांनी त्या छोट्याशी तिच्याविषयी विचारपूस केल्याचे हदीसमध्ये आले आहे. लहान मुलाच्या चिमणीचे दुःख ज्यांना लहान वाटले नाही, त्यांच्या उम्मतीने मुलाचे बोलणे अर्ध्यात तोडू नये, एवढे तरी आम्हाला वाटते.

आता वह्यांचे भांडण सांगतो, कारण ते दर वर्षी होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकसभा असते. एक अब्बू मुलाची वही उलटीपालटी करून पाहत होते. शेवटी म्हणाले, 'बाजी, कापी कोरी है. पांच महिने की फीस, और कापी कोरी?' त्यांच्या भावाचा मुलगा दुसऱ्या शाळेत शंभरपर्यंत आकडे लिहितो. बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या. हे लोक वाईट नाहीत. दिवसभर खव्याच्या भट्टीवर, गॅरेजवर, फळांच्या गाड्यावर उभे राहून फी भरतात, आणि भरलेली वही हीच त्यांना पैशांची पावती वाटते.

आम्ही भाषण दिले नाही. खडू, कणीक, सुतळी आणि दोन वाट्या ज्वारी पुढे ठेवली. अब्बूंना सांगितले, ही ज्वारी एका वाटीतून दुसरीत ओता, दाणा सांडायचा नाही, आणि उजवे असाल तर डाव्या हाताने. सांडली. हशा झाला. मग मुलांना बोलावले, त्यांनी ओतली. सुतळीच्या गाठी मारून दाखवल्या, इवल्या इवल्या भाकरी थापल्या. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडे अजून पूर्ण भरलेली नसतात. त्याला पेन्सिल मुठीत आवळून धरावी लागते, म्हणून हात दुखतो, म्हणून अक्षर वाकडे येते, म्हणून मार बसतो. भाकरी थापणारा हात उद्या कलम धरेल तेव्हा दुखणार नाही.

आमच्या मुलांपुढे आणखी एक कोडे असते. मराठी डावीकडून लिहायची, उर्दू उजवीकडून, आणि उर्दूतले आकडे पुन्हा डावीकडून! अंगणवाडीतून आलेले मूल वही उघडते ती एका बाजूने, मकतबातला कायदा उघडतो तो दुसऱ्या बाजूने. म्हणून आम्ही आधी अंगणात खडूने मोठ्या रेघा आखतो आणि मुलांना त्यावरून चालायला लावतो. एकदा दरवाज्याकडून कडुनिंबाकडे, एकदा कडुनिंबाकडून दरवाज्याकडे. 'उर्दू इधर से आती, मराठी उधर से आती, बीच में मिलती,' असे मुलेच म्हणतात. पायांना दिशा कळली की हाताला सांगावी लागत नाही.

ते अब्बू पूर्ण पटले असे म्हणणार नाही. त्यांनी मुलाला काढले नाही, एवढेच. पण त्या सभेनंतर दोन मुले मात्र इंग्रजी नर्सरीत गेली, आणि आमच्यासारख्या वर्गाला दोन मुलांची फी जाणे जड जाते. सध्या आम्ही शिकवायच्या आधी ही गणितेच करत असतो.

गल्लीतल्या अंगणवाडीच्या सेविकाताईंशी आमचे चांगले जमते. त्यांच्याकडे फी नाही, गरम खिचडी आहे, वजन-उंचीची नोंद आहे, लसीकरणाची आठवण आहे. आमच्याकडे ते नाही. आयसीडीएस योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, पण 'अंगणवाडी' या कल्पनेमागे आपल्या महाराष्ट्रातल्या दोन बायका आहेत हे ताईंच्या प्रशिक्षणात त्यांना कळले आणि त्यांनी आम्हाला सांगितले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच उचलून त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. शंख, शिंपले, बिया, पाने, जे पोरांच्या हाताशी होते तेच साहित्य. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या, वारली मुलांमध्ये. आमची बकरीही त्याच घराण्यातली म्हणायची.

सेविकाताई मराठी. त्यांच्या अंगणवाडीत निम्मी मुले आपली. पहिल्या वर्षी मुले 'नक्को' म्हणायची आणि ताई शब्द दुरुस्त करायच्या. आता त्याच 'हौ' म्हणतात. दर शनिवारी त्यांची मुले आमच्या अंगणात येतात, एखाद्या शनिवारी आमची तिकडे जातात. तिकडच्या मुलांना आमचा शीरखुर्मा माहीत, आमच्यांना तिकडचा हुरडा माहीत. रमजानमध्ये आमच्या वर्गात भातुकलीची सहरी आणि इफ्तार चालते, तेव्हा तिकडचा एक मुलगा येऊन बसला आणि बिस्कीट खात सगळ्यांना सांगू लागला, 'माझा पण रोजा आहे.' आमच्यातल्या एकाने त्याला समजावले, 'खाने के बाद दूसरा रोजा चालू होता.'

घरातले जुने लोक निजामाच्या काळातल्या शाळेची आठवण सांगतात. तेव्हा कारभार उर्दूचा, वरच्या वर्गांची भाषा उर्दू, आणि मराठी घरांतली मुले तोंडात मूग धरून बसलेली. आता बाजू फिरली आहे आणि बऱ्याच ठिकाणी आपली मुले मूग धरून बसतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, आणि शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असे म्हटले. छान आहे. पण घरची भाषा कोणती, हे अर्जावरच्या रकान्यावरून कळत नाही. त्यासाठी दुपारी त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसावे लागते, आणि चहा घ्यावा लागतो. आम्ही दर जूनमध्ये बसतो. बराच चहा होतो.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरी तीन-चार वर्षांचे मूल असेल तर संध्याकाळी वही उघडण्याआधी त्याला एवढेच विचारून पाहा की आज काय पाहिले. तुमच्या बोलीत विचारा आणि त्याच्या बोलीत ऐका. मध्येच 'ऐसा नै बोलते' म्हणू नका. भाकरी थापताना त्याला एक गोळा द्या. नानी-दादी असतील तर त्यांच्या गोष्टी वाया जाऊ देऊ नका. आमच्या वर्गात महिन्यातून एकदा कोणाची तरी नानी येऊन गोष्ट सांगते. पहिल्या नानीला आणायला आम्हाला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. 'मैं अंगूठाछाप, मैं स्कूल में क्या बोलूं?' असे त्या म्हणत होत्या. त्या आल्या, आणि मुलांनी त्यांना सव्वा तास सोडले नाही.

मैना आता दुसरीत आहे. उर्दू चांगली वाचते, मराठीत जोडाक्षरांना अडते, आणि वर्गात फार बडबड करते अशी तिच्या वर्गशिक्षिकेची तक्रार आहे. अम्मीला ती तक्रार आम्ही शब्दशः कळवली. ती इतकी हसली की शिलाईचे मशीन थांबवावे लागले.

यंदा आमच्याकडे पाणीखेळ नाही. मार्चपासून टँकर सुरू होता आणि पाण्याने खेळा असे म्हणायला तोंड होत नव्हते. त्याऐवजी अंगणात वाळूचा चौकोनी हौद केला आहे. एका पालकांनी अर्धी ट्रॉली वाळू आणून टाकली, पैसे घेतले नाहीत, आणि ते म्हणजे वहीवाले अब्बूच. मुले त्यात विहिरी खणतात, नळदुर्गचा किल्ला बांधतात. फक्त हौदाला झाकण नाही आणि रात्री गल्लीतल्या मांजरी तिथे येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्र्याचे झाकण करून घ्यायचे आहे.